मावऱ्याची राजदूत

टेम्पो सुटला तेव्हा मैनाच्या मासळीच्या दोन्ही पाट्या करंजाच्या बंदरावरच होत्या.

आधी तिला वाटलं, ड्रायव्हरच्या लक्षात आलं नाही. तिने हात वर करून हाक मारली. टेम्पोच्या मागे पनवेल कोळीवाड्यातल्या बाया पाट्यांना पाठ लावून दाटीने बसल्या होत्या, आणि त्यांच्यात तिची थोरली जाऊ जनीही होती. जनीने एकवार मैनाकडे पाहिलं आणि पदर सारखा करायचं निमित्त करून मान फिरवली. तेव्हा मैना समजली. हा विसर नव्हता.

टेम्पो घरचाच होता, तिच्या थोरल्या दिराचा, काशिराम नाखवाचा. रोज पहाटे तो बायांना पनवेलहून करंजाला न्यायचा आणि लिलावात घेतलेल्या मावऱ्यासकट, म्हणजे मासळीसकट, त्यांना पुन्हा पनवेलच्या मासळी बाजारात आणून सोडायचा. त्याच काशिरामने गेल्या रविवारी मैनाच्या निशासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा प्रणित, काशिरामच्या धंद्यातल्या भागीदाराचा. पोरगा वाईट नव्हता. पण निशा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला पुढे शिकायचं होतं. सगळ्या घरासमोर, डोक्यावरचा पदर ढळू न देता मैना म्हणाली होती, "भावजी, पोर शिकते हाय. आता नको."

नाखवांच्या घरात काशिरामला 'नको' म्हणायची रीत नव्हती. त्याचा पाठचा भाऊ, मैनाचा नवरा धर्मराज, चाळिशी उलटून गेली तरी थोरल्यासमोर "हो दादा" याच्यापुढे गेला नव्हता. रविवारी काशिराम उठून, चपला घालून निघून गेला होता. त्याचं उत्तर आज आलं.

बसच्या कंडक्टरने पाट्यांतून गळणारं पाणी पाहिलं आणि दारातच हात आडवा धरला. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, तुमी उतराल, वास उतरायचा नाय." ऊन चढत चाललं तशी पापलेटं मऊ पडू लागली. शेवटी उरणच्या नाक्यावर बसून, येईल त्या भावात तिने माल फुंकून टाकला. नुकसानीचं तिला फारसं वाटलं नाही. समुद्राच्या धंद्यात ते चालायचंच. तिला घोर लागला तो ओट्याचा. बाजारातला तो सिमेंटचा ओटा सासूने, गंगाबाईने, गुडघे थकल्यावर तिच्या हवाली केला होता. ओटा चार दिवस रिकामा दिसला की पाचव्या दिवशी तिथे दुसरी बाई पाट मांडून बसते, आणि मग तिला उठवायला देवसुद्धा येत नाही.

संध्याकाळी धर्मराज जासईच्या कंटेनर यार्डातून घरी आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. कोळीवाड्यात बातमीला पाय फुटतात.

"दादाची माफी माग," हातपाय धुता धुता तो म्हणाला.

"कशाची?"

"कशाची ते तो सांगंल."

मैनाने भाकरी तव्यावर टाकली. निशा दाराशी पुस्तक घेऊन बसली होती. पण बराच वेळ तिने पान उलटलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आई, मी हो म्हणू का? भांडण तरी मिटेल."

मैना तशीच वळली. पिठाच्या हातांनीच तिने मुलीची हनुवटी धरली. "तुना तो पसंत हाय?"

"तसं नाही गं, पण..."

"मंग पन नको. माझ्या पाटीचं वजन तुझ्या डोक्यावर द्यायला मी अजून म्हातारी नाय झाले." आणि पुन्हा चुलीकडे तोंड करून, जणू मीठ आणायचं आहे अशा सुरात, तिने सांगून टाकलं, "मी माझी गारी घेईन."

"टेम्पो?" धर्मराज थबकला.

"टेम्पो कशाला? दोन पाट्यांना दोन चाकं पुरतात."

धर्मराज हसला. हसू दाबायचा त्याने प्रयत्न केला, पण ते नाकातून आलंच. "तुना सायकल तरी येते काय?"

"येत होती. लगनाच्या आधी."

"आई, मग स्कूटी घे ना," निशा एकदम ताठ बसली.

"स्कूटीला पाट्या कुठं बांधू? दूधवाल्यांच्या नव्हत्या काय पयल्या, दोनी अंगाला मोठाल्या कॅनी लटकवून निघायच्या? तसली पायजे."

धर्मराजने ते बोलणं रागातलं समजून सोडून दिलं. तिथे तो चुकला. आठवडा उलटायच्या आत मैनाने निशाला सोबत घेऊन शिकाऊ लायसन काढलं. गाडीचा पत्ता नव्हता, पण लायसन मात्र स्टीलच्या डब्याखाली येऊन पडलं होतं.

मधल्या दिवसांत ओटा हातचा जाऊ नये म्हणून ती सुकट आणि जवळा घेऊन बसू लागली. शेजारच्या ओट्यावर जनी ताजं मावरं मांडायची. दोघी जावांच्या मध्ये हातभर जागा होती, पण बोलणं बंद होतं. जनी कधी कधी बर्फाचे दोन खडे उगाचच मैनाच्या बाजूला सारायची. सुक्या मासळीला बर्फ लागत नाही हे तिला ठाऊक होतं. मैनालाही ठाऊक होतं.

अशातच एका बुधवारी नवीन पनवेलच्या शशिकलाबाई आल्या. शाळेत शिकवायच्या, आणि पापलेट घ्यायचं तर मैनाकडूनच, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

"काय हो मैनाताई, आज सुकटीवर?"

मैनाने थोडक्यात सांगितलं. दिराचं नाव न घेता, पण गाडीचं मात्र सविस्तर. शशिकलाबाई ऐकता ऐकता पिशवीची गाठ मारायचं विसरल्या.

"अहो, दूधवाल्यासारखी कशाला, दूधवाल्याचीच आहे! माझ्या माहेरी, शिरढोणला. बाबांची राजदूत फटफटी. गोठ्यात पडून आहे, कॅन अडकवायच्या आकड्यांसकट. पण एक सांगते, बाबांनी ती आजवर कुणाला दिलेली नाही. भंगारवाल्यांना तर काठी घेऊन हाकलतात."

दुसऱ्याच दिवशी मैना आपल्या भावाला, शिवाला, घेऊन शिरढोणला निघाली. शिवा करंजाला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. वाटेत त्याची कुरकुर चालू होती. "पितरपाखात कोन गारी घेतं गो, आक्का?"

"कोन घेत नाय म्हनून तर मना मिलंल."

शशिकलाबाईंचे वडील गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी शिवाला आपादमस्तक न्याहाळलं, मग आत बोट दाखवलं. पेंढ्याच्या खाली, गोणपाटं बाजूला केल्यावर, गाडी दिसली. एकेकाळी लाल असावी. दोन्ही चाकं जमिनीला टेकून बसलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. पण मागच्या बाजूचे लोखंडी आकडे तसेच शाबूत होते, मैनाच्या मनगटाएवढे जाड.

"जरा बुटकीच आहे," नाना म्हणाले. "पण पावसाळ्यात, चिखलात, भरल्या कॅन घेऊन मला कधी वाटेत सोडलं नाही तिनं. चालवणार कोण? हे?"

"मी," मैना म्हणाली.

नाना हसले नाहीत. त्यांनी तिच्या लुगड्याच्या काष्ट्याकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. "मग तिला स्टँडवरून काढून दाखवा. हवा नाही चाकांत, जड जाईल. ह्यांनी हात लावायचा नाही."

शिवा पुढे झाला होता, तो मागे सरला. मैनाने पदर कमरेला खोचला, हँडल धरलं आणि एकदा पुढे रेटून पाहिलं. गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा तिने कंबर गाडीला लावली. ओल्या पाट्या गुडघ्यावरून मांडीवर आणि मांडीवरून डोक्यावर चढवताना ज्या ठिकाणी जोर लागतो, तिथला जोर लावला. स्टँड करकरत मागे गेलं. गाडी तिच्या अंगावर कलली, क्षणभर दोघींचा तोल एकमेकींवर राहिला, आणि मग मैनाने तिला सरळ केलं. कपाळावर घाम आला होता आणि तोंडभर हसू.

"घेऊन जा," नाना म्हणाले. "एवढंच, हिला उभी करून ठेवू नका. उभं राहून राहून सडली ती." व्यवहार तिथल्या तिथे उरकला. गाडी छोट्या हत्ती टेम्पोत चढवताना मात्र नाना तोंड फिरवून गाईला चारा घालत बसले.

शिवाने करंजाच्या आपल्या शेडमध्ये गाडी उघडली. होडीच्या इंजिनाच्या मानाने हे इंजिन त्याला खेळण्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच त्याने पहिल्यांदा चूक केली. सगळं खोललं, धुतलं, परत बसवलं, आणि एक स्प्रिंग फडक्यावर शिल्लक राहिली. पुन्हा सगळं उघडावं लागलं. मैना रोज बाजार उरकला की बसने करंजाला जायची. टाकीत गंज होता, म्हणून दोघांनी तिच्यात रॉकेल आणि बारीक खडी घालून, दोन टोकांना धरून, मूल झोपवल्यासारखी ती हलवली. आतून काळंकुट्ट पाणी निघालं. कार्बोरेटरची बारीक भोकं तारेने साफ झाली, वायरी नव्या ओढल्या, टायर नवे चढले. रंगाची वेळ आली तेव्हा शिवाच्या शेडमध्ये होडीचा रंग उरलेला होता, गडद निळा आणि शेंदरी. तोच लावला. टाकी निळी, तिच्यावर शेंदरी पट्टा. खाऱ्या पाण्यात टिकतो तो रंग मावऱ्याच्या पाण्याला काय भिणार?

ज्या दिवशी पहिल्यांदा इंजिन पेटलं त्या दिवशी शेडमधल्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या. निळसर धूर सगळीकडे पसरला आणि फट् फट् फट् असा आवाज खाडीपर्यंत गेला. शिवाने आरोळी ठोकली. मैनाने आनंदाने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. आणि गाडी बंद पडली.

मग रोज तेच. किक मारली की लागायची, बंदराच्या वळणापर्यंत जायची, आणि ढेकर दिल्यासारखी होऊन थांबायची. शिवाने प्लग बदलला, कार्बोरेटर पुन्हा खोलला, शिव्या दिल्या. "पितरपाख," तो म्हणाला. "सांगितला होता मी."

मैना मात्र विचार करत राहिली. गाडी बंद पडली की ती पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडायची, आणि झाकण उघडून लावल्यावर गाडी पुन्हा पहिल्या किकला लागायची. दरवेळी. तिने झाकण हातात घेऊन उजेडात धरलं. मधोमध एक बारीक खळगी होती, निळ्या रंगाने बुजलेली. "शिवा, हितं भोक होतं काय?"

शिवाने झाकण घेतलं, पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. टाकीत हवा जायचं भोक त्याने रंग देताना स्वतःच बुजवलं होतं. हवा नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. मैनाने केसांतला आकडा काढला आणि भोक मोकळं केलं. त्या संध्याकाळी राजदूत वळणावर थांबली नाही.

गाडी चालली. आता राहिली ती चालवणारी. बंदरामागच्या मोकळ्या मैदानात मैना शिकू लागली, आणि पडू लागली. क्लच सोडला की गाडी उडी मारायची. सायलेन्सरने पिंढरी भाजली. शिवाने पोरांना हाकलून दिलं तरी कुंपणापलीकडे बघे जमायचेच. एका दुपारी ती अशीच पडली, उठली, गाडी उचलली, आणि पाहते तर बघ्यांमध्ये धर्मराज. यार्डातून सुटून, घरी न जाता, तो इकडे आला होता. हातात डबा तसाच होता.

आता हा 'चल घरी' म्हणणार, असं तिला वाटलं. तिने लुगड्यावरची माती झटकली आणि त्याच्याकडे न बघता किक मारली. धर्मराज कुंपण ओलांडून आला. डबा खाली ठेवला आणि गाडीच्या मागचे आकडे दोन्ही हातांनी धरले.

"क्लच असा जीव खाऊन सोरू नको," तो म्हणाला. "सावकास. मी हाय मागं."

ती निघाली. तो मागे पळत होता. त्याच्या चपलांचा आवाज आणि धापा तिला ऐकू येत होत्या. मैदानाच्या टोकाला तिने वळण घेतलं, आणि समोर पाहिलं तर धर्मराज पार तिकडे, गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. तो हसत होता, पण ते नाकातलं हसू नव्हतं. मैना त्याच्याभोवती एक मोठी फेरी मारून आली. तिला गाडी थांबवायचीच नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात लायसनची परीक्षा झाली. रांगेत सगळी मिसरूड फुटलेली पोरं. साहेबांनी विचारलं, "मुलाची टेस्ट आहे का, मावशी?" "नाय, माझीच," मैना म्हणाली आणि पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढून आली. तिच्या मागच्या पोराने तीनदा पाय टेकले.

दसऱ्याला नाखवांचं सगळं घर गंगाबाईच्या अंगणात जमायचं. खाडीच्या काठचं ते अंगण त्या सकाळी शेणाने सारवलेलं होतं आणि झेंडूच्या तोरणांनी भरलेलं. काशिरामचे दोन्ही टेम्पो धुऊन पुसून ओळीत उभे होते, शेजारी पुतण्यांच्या मोटारसायकली. गंगाबाई पूजेचं ताट घेऊन पायरीवर बसली होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फट् फट् असा आवाज आला आणि पोरं तिकडे धावली.

मैना करंजाहून एकटी आली होती, सगळी वाट, ट्रेलरच्या रांगांमधून. डोक्यावर हेल्मेट, हिरव्या लुगड्याचा काष्टा, आणि खाली निळी-शेंदरी राजदूत. तिने ती टेम्पोंच्या ओळीच्या टोकाला लावली. हेल्मेट काढलं आणि आधी डोक्यावर पदर घेतला.

काशिराम उठला. "ही हितं नाय उभी ऱ्हायची. नाखवांच्या गाऱ्यांत भंगार नको. आनि नाखवांच्या सुना फटफटीवर बसत नाय."

धर्मराज दोन पावलं पुढे आला आणि राजदूतशेजारी उभा राहिला. "दादा, नको," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट होता. "नको तिला असा बोलू."

काशिरामने भावाकडे असं पाहिलं, की जणू घरातल्या खांबाने तोंड उघडलं. मग तो सगळ्यांकडे वळला. "बरा. मना पन आज एक सांगायचाच होता. आता टेम्पो बंदरावर जानार नाय. दोनी गाऱ्या यार्डाच्या कामाला लावल्या. भागीदाराशी बोलना झाला."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्यातून जनी पुढे आली. तिलाही हे आत्ताच कळत होतं. "मंग आमी कशा जायच्या?"

"ज्यांना जायचा त्यांनी बघावा. तुना काय करायचा? तू घरी बस."

जनी आणखी एक पाऊल पुढे आली. तिच्या हातात झेंडूची माळ होती. "घरी बस?" ती म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून मी ओट्यावर बसते हाय. तुमचा पयला टेम्पो घेतला तवा मी गरोदर होते, तरी बसत होते. आनि आता घरी बस? मना इचारला पन नाय?" तिने मैनाकडे मान वळवली. "मैनेला बंदरावर सोरली तवा मी मान फिरवली. मना वाटला, मी तर गारीत हाय. मी कनच्या गारीत होते, ते आज समजला."

मैनाने जावेचा हात धरला. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

गंगाबाई ताट घेऊन उठली. गुडघे कुरकुरले, तशी निशाने तिला आधार दिला. "भांडनं नंतर. आधी पूजा," म्हातारी म्हणाली. "मान वडीलकीचा. ह्या गाऱ्यांत सगल्यात वडील कोन?"

सगळ्या नजरा ओळीवरून फिरल्या. मग निशाच म्हणाली, "राजदूत, आजी. ती बाबांच्या लहानपणीची आहे."

"मंग पयला कुंकू तिला."

"आये!" काशिराम म्हणाला.

"तू गप ऱ्हा. मी डोक्यावर पाटी घेऊन गेले म्हनून ह्या अंगनात चाकं आली. यार्डाचा काम कर, खुशाल कर, तुझ्या गाऱ्या हायत. पन माझ्या सुना घरी बसायच्या नाय. आनि निशाच्या लगनाचा निशा आनि तिची आय बघंल." तिने राजदूतच्या टाकीला कुंकवाचं बोट लावलं, हँडलला माळ घातली, चाकापुढे नारळ वाढवला. मग तिने आकड्यांवर हात टेकवून जोर दिला, मजबुती पाहिली, आणि मान हलवली. "पाटी मावंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे बाजार थंड. द्वादशीला दोघी जावा निघाल्या. मैना पुढे, जनी मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेटं. जाताना जनी "देवा, देवा" करत मैनाच्या कमरेला मिठी मारून बसली होती. परत येताना दोन्ही आकड्यांना भरलेल्या पाट्या होत्या, आणि गव्हाण फाट्यापुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा तीच जनी कानाशी ओरडली, "जरा जोरात घे गो!" पनवेलच्या बाजारात राजदूत शिरली तेव्हा ओट्याओट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या. कुणीतरी कोयता पाटावर वाजवला, मग दुसरीने, मग सगळ्या बाजाराने. तो खणखणाट ऐकून भाजीबाजारातली माणसं बघायला आली.

दोघींनी मावरं मांडलं. पाणी शिंपडलं. भवानी व्हायची होती अजून. आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून पिशवी घेऊन जो समोर उभा राहिला, तो काशिराम होता.

आज त्याचा भागीदार, प्रणितचा बाप, जेवायला यायचा होता, आणि घरात मावऱ्याचा तुकडा नव्हता. जन्मभर ते आपोआप ताटात येत आलं होतं. गंगाबाईने त्याच्या हातात पिशवी दिली होती आणि बाजाराची वाट दाखवली होती.

"सुरमई दे," तो जनीला म्हणाला, आजूबाजूला न बघता.

जनीने भाव सांगितला.

"घरच्या मानसाला भाव सांगतेस?"

"घरच्या मानसानं घरी बस सांगितला. हा बाजार हाय."

काशिरामने खिशातून पैसे काढले. जनीने ते कपाळाला लावून पाटीखाली सारले आणि सुरमईच्या तुकड्या कापून दिल्या. मैनाने आपल्या ढिगातले दोन बांगडे वर टाकले, चांगल्या गिऱ्हाइकाला टाकतात तसे. तो जायला निघाला आणि घुटमळला.

"मैना, प्रणितचा बाप आज निशाचा इचारंल. काय सांगू?"

"सांगा, पोर शिकते हाय."

"बरा," काशिराम म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ते त्या रविवारी म्हणायचं राहून गेलेलं होतं. मग त्याची नजर राजदूतवर गेली. इतकी वर्षं गाड्यांत घालवलेला माणूस. त्याने वाकून पुढचं चाक दाबून पाहिलं. "हवा कमी हाय गो हिच्यात. असा वजन घेऊन आल्या तुमी? किल्ली दे. कोपऱ्यावरून भरून आनतो."

मैना ओट्यावरून उतरली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "किल्ली नाय मिलायची, भावजी. ढकलत न्या."

आसपासच्या ओट्यांवरचे कोयते थांबले. काशिरामने सुरमईची पिशवी गाडीच्या आकड्याला अडकवली, राजदूत स्टँडवरून काढली आणि भर बाजारातून, "बाजूला व्हा, बाजूला व्हा," म्हणत ढकलत नेऊ लागला.

"सावकास!" मागून जनी ओरडली. "रंग नवा हाय!"